टाचण्या, मूत्र आणि दाढीवाली सुरई

प्रकरण सुरू झालं ते दोन डुकरांवरून. चेंबलेट नावाच्या माणसाने जेन केंट या साठीच्या बाईला दोन डुकरं विकायचं कबूल केलं होतं. पण रोख पैसे हातात पडल्याशिवाय माल देणार नाही म्हणून तो अडून बसला. व्यवहार फिसकटला. पुढे त्याची डुकरं आजारली, मग त्याची लहान मुलगी एलिझाबेथ अंग सुजून गेली आणि त्यानंतर बायकोने अंथरूण धरलं. जून १६८२ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात जेन केंट चेटूक केल्याच्या आरोपाखाली उभी राहिली. चेंबलेटने शपथेवर सांगितलं, की बायको आजारी पडल्यावर तो स्पिटलफील्ड्समधल्या एका वैद्याकडे गेला. बायकोचं लिटरभर मूत्र घ्यायचं, त्यात तिच्या नखांची कातरणं आणि थोडे केस टाकायचे आणि सगळं चुलीवर उकळायचं, असा सल्ला वैद्याने दिला. त्याने तो पाळला. भांडं उकळायला लागलं आणि दाराशी जेन केंटचा आवाज आला; कोणी तिचा खून करतंय की काय, अशी ती किंचाळली. दुसऱ्या दिवशी बाई चांगलीच सुजलेली दिसली, असंही त्याने जोडलं.

आणखी साक्षी झाल्या. जेनला गाडीत घ्यायला नकार दिला म्हणून आपली घोडागाडी उलटली, असं एका गाडीवानाने सांगितलं. अंग तपासणाऱ्या बाईने पाठीवर एक स्तनासारखी गाठ आणि कानांमागे भोकं असल्याची ग्वाही दिली. जेनच्या बाजूनेही माणसं उभी राहिली. ही कष्ट करून खाणारी, नियमाने चर्चला जाणारी बाई आहे, असं त्यांनी सांगितलं. ज्युरीने तिला सोडलं.

ती सुटली हे चांगलंच झालं, पण या लेखाला तिच्यापेक्षा ते भांडं महत्त्वाचं आहे. चुलीवर मूत्र, नखं आणि केस शिजवले ते फिर्यादीने. त्याने ही गोष्ट लपवलीही नाही, उलट पुरावा म्हणून भर न्यायालयात सांगितली. कायद्याचा बडगा तेव्हा लहान नव्हता. १५६३ आणि १६०४ च्या कायद्यांनी चेटकाने माणूस मारल्यास फाशी ठेवली होती, आणि हरवलेली वस्तू मंत्राने शोधून देणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्याला वर्षभराची कैद होती. तरी चेंबलेटला कोणी हटकलं नाही. इंग्लंडच्या लोकजादूची जी साधनं आज संग्रहालयांत आहेत, त्यांतली बरीचशी याच बाजूची आहेत. ती चेटकिणीविरुद्ध वापरलेली आहेत, आणि ती कशाची बनली, कुठून आली, हे पाहिलं की चेटकाच्या इतिहासातली बरीच धूळ खाली बसते.

स्पिटलफील्ड्सच्या वैद्याने ही कृती काही स्वतःच्या डोक्यातून काढलेली नव्हती. रेडिंगचा ज्योतिषी-वैद्य जोसेफ ब्लाग्रेव्ह याने १६७१ मध्ये छापलेल्या ग्रंथात ती दिली होती. रोग्याचं मूत्र बाटलीत बंद करायचं, सोबत तीन खिळे, टाचण्या किंवा सुया आणि थोडं पांढरं मीठ घालायचं आणि ते सतत कोमट ठेवायचं. कारणही त्याने दिलं आहे. चेटकीण माणसाला बाधते तेव्हा तिच्या जीवशक्तीचा अंश त्याच्या शरीरात शिरतो. तो अंश मूत्रात उतरतो. तेव्हा मूत्राला टोचा, तापवा, कोंडा. जे त्याचं होईल ते तिचं होईल. तिची लघवी अडेल, ती तळमळत दाराशी येईल, आणि बाटली फार काळ तशीच ठेवली तर तिचा जीवही जाईल. आपल्याकडे ज्याला करणी उलटवणं म्हणतात तेच हे, फक्त तर्कशास्त्राच्या पोशाखात.

हा तर्क आज हास्यास्पद वाटतो, पण तो तेव्हाच्या विद्येच्या फार बाहेर नव्हता. मूत्र पाहून रोग ओळखणं ही युरोपातली शतकानुशतकांची वैद्यकी होती. काचेच्या कुपीत मूत्र धरून उजेडात न्याहाळणारा वैद्य जुन्या चित्रांमध्ये जागोजागी दिसतो. त्या धंद्यातल्या भोंदूगिरीवर टॉमस ब्रायन याने १६३७ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणजे धंदा किती पसरला होता ते कळतं. सर केनेल्म डिग्बी या दरबारी गृहस्थाने १६५८ मध्ये फ्रान्समधल्या मोंपेलिए इथे विद्वानांपुढे भाषण देऊन सांगितलं, की जखमेवर नव्हे तर जखमेच्या रक्ताने भरलेल्या पट्टीवर आपली पूड टाकली तरी जखम भरते, रोगी कितीही दूर असला तरी. १६६९ मध्ये हॅम्बर्गच्या हेनिग ब्रांटने परीस शोधण्याच्या नादात मूत्र आटवलं आणि अंधारात चमकणारा फॉस्फरस हाती लागला. मूत्रातून उजेड निघू शकतो, तर चेटकिणीचा अंश का निघू नये, असं चेंबलेटसारख्याला वाटलं तर त्याला फार दोष देता येत नाही.

कृतीची दुसरी तऱ्हा पुरण्याची. ती जोसेफ ग्लॅनव्हिलच्या पुस्तकात आहे. ग्लॅनव्हिल हा पाद्री, शिवाय रॉयल सोसायटीचा सदस्य. चेटूक नाकारणारे उद्या देवही नाकारतील, ही त्याची भीती होती, म्हणून त्याने चेटकाच्या साक्षी गोळा केल्या. तो १६८० मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी हेन्री मूर या मित्राने ते पुस्तक वाढवून छापलं. त्यात सफोक परगण्यातल्या एका घराची हकीकत आहे. घरधनीण बरेच दिवस झिजत होती, पक्ष्यासारखं काहीतरी तिच्या तोंडाजवळ येऊन फडफडायचं. वाटेने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने नवऱ्याला उपाय सांगितला. बायकोचं मूत्र बाटलीत भर, त्यात टाचण्या, सुया, खिळे टाक, बूच घट्ट लाव आणि बाटली विस्तवावर ठेव. नवऱ्याने तसं केलं, पण बूच उडालं आणि सगळं घरभर झालं. म्हातारा पुन्हा भेटला तेव्हा म्हणाला, आता जमिनीत पूर. पुरल्यावर बायको बरी होऊ लागली. मग काही मैलांवरच्या गावाहून एक बाई आक्रोश करत आली : तुम्ही माझ्या नवऱ्याला मारलंत. तो मेलेला माणूस चेटक्या होता, असं कथा सांगते. कथा खरी की खोटी हा प्रश्न इथे निरर्थक आहे. पण अशा बाटल्या खरोखरच पुरल्या जात होत्या, हे जमिनीने सिद्ध केलं.

आता सुरई पाहू, कारण या सगळ्या साहित्यात तिचा प्रवास सर्वांत लांबचा. सतराव्या शतकातल्या या पुरलेल्या बाटल्यांपैकी बहुतेक इंग्लंडच्या मातीच्या नाहीतच. त्या जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात, मुख्यतः कोलोनजवळच्या फ्रेखेन या कुंभारांच्या गावात घडल्या. पोट फुगीर, मान अरुंद, मानेवर दाढीवाल्या माणसाचा उठावदार चेहरा. आपल्या घरातल्या लोणच्याच्या जुन्या बरणीची जात तीच, घट्ट भाजलेली, न झिरपणारी. भट्टी पांढरीफटक तापली की कुंभार तिच्यात मूठमूठ मीठ फेकत. मिठाची वाफ मातीतल्या वाळूशी जुळून भांड्यावर काचेसारखी कातडी चढवत असे, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची. त्यावर आम्लाचा परिणाम होत नाही, आतलं बाहेर येत नाही. मूत्र साडेतीनशे वर्षं टिकवायचं ठरवून कोणी भांडं बनवलं असतं तर याहून वेगळं बनवलं नसतं.

कुंभाराच्या मनात मात्र बियर आणि वाइन होती. या सुरया ऱ्हाईनवरून हॉलंडच्या बंदरांत आणि तिथून जहाजांनी लंडनला हजारोंनी येत. दारूच्या गुत्त्यात, घरात, बोटीवर त्या सगळीकडे होत्या. डच ईस्ट इंडिया कंपनीचं 'बाटाव्हिया' हे जहाज १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ फुटलं, त्याच्या अवशेषांतही हे दाढीवाले चेहरे सापडले. इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंट लोकांनी या सुरईला 'बेलार्मिन' असं नाव ठेवलं. कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन हा कॅथलिकांचा खंदा वादपटू. १६१६ मध्ये गॅलिलिओला तंबी देणारा तोच. फुगलेल्या पोटाच्या, दारूने भरलेल्या भांड्याला त्याचं नाव देणं ही चेष्टा होती. खरं तर बेलार्मिनचा जन्म १५४२ चा आणि दाढीवाल्या सुरया त्याच्या आधीपासून बनत होत्या. सतराव्या शतकात साचे झिजत गेले, कारागीर घाई करू लागले आणि सुरुवातीचे सौम्य, देखणे चेहरे वाकडे, दात विचकणारे झाले. नेमक्या याच काळात बाटल्या पुरण्याची प्रथा जोरात होती. चेटकिणीला कोंडायला असा चेहरा लोकांना सोयीचा वाटला असेल, असं काही अभ्यासक मानतात. मला वाटतं, ती घरात रिकामी पडलेली असायची आणि तिला बूच घट्ट बसायचं, एवढंही कारण पुरेसं आहे.

टाचण्यांची गोष्ट वेगळी. आज टाचणी म्हणजे कागद डकवायची, शिंप्याची वस्तू. सतराव्या शतकातल्या इंग्रज बाईचं अंगावरचं अर्धं कापड टाचण्यांवर उभं असे. ओढणी, झालर, डोक्याचं वस्त्र, सगळं टाचून. पितळी तारेची टाचणी, वर तारेचाच पीळ गुंडाळून केलेलं डोकं. आधी त्या मोठ्या प्रमाणावर बाहेरून येत. १६०५ मध्ये लंडनच्या टाचणीवाल्यांना सनद मिळाली, १६२६ मध्ये ग्लॉस्टरला जॉन टिल्सबीने कारखाना काढला आणि पुढे ते शहर टाचण्यांसाठीच प्रसिद्ध झालं. दीडशे वर्षांनी ॲडम स्मिथने श्रमविभागणी समजावायला उदाहरण घेतलं तेही टाचणीचंच : अठरा कामं, दहा माणसं, दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या. अर्थशास्त्राच्या पहिल्या पानांवरची वस्तू आणि चेटकाच्या बाटलीतली वस्तू एकाच टोपलीतून विकली जात होती.

टाचणीला दुसरीही बाजू होती. चेटूक झालेली मुलं टाचण्या ओकतात, असा समज होता आणि न्यायालयात त्या ओकलेल्या टाचण्या दाखवल्या जात. ॲन गंटर या बर्कशरच्या तरुणीने १६०४ च्या सुमारास असंच केलं. टाचण्या ओकल्या, शिंकेतून काढल्या. प्रकरण राजा पहिल्या जेम्सपर्यंत गेलं. शेवटी तिने कबूल केलं, की शेजाऱ्यांशी वैर असलेल्या बापाने हे सगळं तिच्याकडून जबरीने करवून घेतलं होतं. म्हणजे रोगाचं लक्षण टाचणी आणि रोगावरचा उपायही टाचणी. बाटल्यांमध्ये सापडणाऱ्या टाचण्या पुष्कळदा मुद्दाम वाकवलेल्या असतात.

२००४ मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागात उत्खनन चालू असताना अशी एक सुरई सुमारे दीड मीटर खोल, उलटी पुरलेली सापडली. हलवली तर आत डुचमळत होतं आणि खुळखुळतही होतं. यापूर्वी सापडलेल्या बाटल्यांचं नशीब वेगळं होतं. मजुरांनी धनाच्या आशेने फोडल्या, किंवा कोणी सभ्य माणसाने घाण पाणी मोरीत ओतून, भांडं धुऊन कपाटात मांडलं. राल्फ मेरिफिल्ड या लंडनच्या संग्रहालयातल्या पुरातत्त्वज्ञाने दशकानुदशकं चिकाटीने नोंदी गोळा केल्या आणि १९८७ च्या पुस्तकात या विषयाला पाया दिला, पण त्याच्यापुढचा बराचसा माल असाच रिकामा केलेला होता. ग्रिनिचची सुरई बंदच राहिली. आधी क्ष-किरणांनी पाहिली, तेव्हा मानेत अडकलेले खिळे आणि टाचण्या दिसल्या. लाफबरो विद्यापीठातून निवृत्त झालेले रसायनशास्त्रज्ञ ॲलन मॅसी यांनी द्रवाचं पृथक्करण केलं.

ते मूत्रच होतं, माणसाचं. सोबत बारा लोखंडी खिळे, आठ पितळी टाचण्या, केसांची गुंतवळ, गंधक, कापलेली नखं आणि बेंबीतला असावा असा कापूस. नखं नीट निगा राखलेली होती, म्हणजे मालक राबणारा मजूर नसावा. मूत्रात निकोटिनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य सापडलं. तो तंबाखू ओढणारा होता. आणि एक चामड्याचा छोटा तुकडा, हृदयाच्या आकारात कापलेला, आरपार खिळा मारलेला. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

जरा हिशेब मांडा. भांडं ऱ्हाईनकाठचं. तंबाखू अमेरिकेतून येणारी. टाचण्या कारखान्याच्या. गंधक औषधवाल्याकडचा, खरजेवर आणि धुरी द्यायला घरोघरी वापरला जाणारा. नरकाचा वास त्याचाच, हेही सगळ्यांना चर्चमधून ठाऊक. खिळे गावच्या लोहाराचे. ज्याला आपण खेड्यातली आदिम जादू म्हणतो तिचं सामान अटलांटिकच्या व्यापाराने आणि गल्लीतल्या दुकानांनी पुरवलेलं आहे. निबिड अरण्यात अमावास्येला खुडलेली मुळी यात कुठेच नाही. लोकजादूला प्राचीन, अव्याहत परंपरा मानणाऱ्यांनी या बाटलीपुढे थोडं थांबायला हवं. मीठ-झिलईची सुरई इंग्लंडमध्ये स्वस्त झाली तेव्हा हा विधी रुजला आणि पुढे काचेची बाटली स्वस्त झाली तेव्हा तो काचेत गेला.

चामड्याच्या हृदयाकडे पाहताना मात्र १६८२ सालच आठवतं. जेन केंट सुटली त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, डेव्हन परगण्यातल्या बिडफर्ड गावच्या तिघी बायकांना एक्सेटरला फाशी दिलं गेलं. टेंपरन्स लॉइड, सुझाना एडवर्ड्स, मेरी ट्रेंबल्स, तिघीही गरीब. टेंपरन्सवर आरोप होता की तिने ग्रेस टॉमस नावाच्या बाईला पीडा दिली. ग्रेसच्या गुडघ्यावर काट्याने टोचल्यासारखे नऊ व्रण दिसले होते. मेणाची बाहुली केलीस का, असं खोदून विचारल्यावर म्हातारी म्हणाली, बाहुली नाही, चामड्याचा तुकडा नऊ वेळा टोचला. ग्रिनिचच्या सुखवस्तू माणसाने चामडं टोचलं तो उपचार. टेंपरन्सने टोचलं, किंवा टोचलं असं विचारणाऱ्यांचं समाधान व्हावं म्हणून सांगितलं, तो गुन्हा. कृती एकच, पण दोघांचं घर आणि नखांची निगा वेगळी.

आरोपींकडे साधनं कधीच सापडली नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. लँकशरमधल्या पेंडलच्या गाजलेल्या १६१२ च्या खटल्यात अशी वस्तू आहे. जेम्स डिव्हाइस या तरुणाने जबानी दिली, की चॅटॉक्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या म्हातारीने न्यूचर्चच्या दफनभूमीत उघडलेल्या थडग्यांतून कवट्या आणि आठ दात घेतले आणि त्यातले चार त्याच्या आजीला, डेमडाइकला दिले. आजीने ते घराजवळ पुरले होते. हेन्री हारग्रीव्ह्ज नावाच्या माणसासोबत त्याने खणलं तेव्हा ते दात मिळाले आणि शेजारी जवळजवळ विरून गेलेली मातीची बाहुलीही. माती आणि दात. यात मात्र विकत घ्यावं लागलेलं काही नाही. डेमडाइक आणि चॅटॉक्स या दोघी आंधळ्या होत आलेल्या म्हाताऱ्या, भीक आणि थोडीफार झाडपाल्याची वैद्यकी यांवर जगणाऱ्या. डेमडाइक तुरुंगातच मेली. चॅटॉक्स, जेम्स आणि आणखी आठ जण लँकास्टरला फासावर गेले.

चर्चला ही उलट जादू खुपत होती, हे नोंदवायला हवं. अटलांटिकपलीकडे मॅसेच्युसेट्समध्ये इन्क्रीज मॅदर या पाद्रीने १६८४ मध्येच मूत्राच्या बाटल्यांवर कडक टीका केली होती. आठ वर्षांनी सेलम गावात मुलींना झटके येऊ लागले तेव्हा मेरी सिबली या शेजारणीने पाद्री सॅम्युएल पॅरिसच्या घरातल्या गुलामांकडून राईचं पीठ आणि मुलींचं मूत्र मळून भाकर भाजवली आणि कुत्र्याला घातली. चेटकीण कोण ते यातून उघड होईल, ही कल्पना. पॅरिसने तिला भर चर्चमध्ये फैलावर घेतलं. सैतानाविरुद्ध सैतानाकडेच मदत मागितलीस म्हणाला. सिबलीने चूक कबूल केली आणि तिच्यावर पुढे काही आलं नाही. त्या वर्षी सेलममध्ये एकोणीस जण फासावर गेले आणि एकाला दगडांखाली चिरडून मारलं.

इंग्लंडमध्ये १७३६ मध्ये कायदा उलटा झाला. चेटूक हा गुन्हा उरला नाही, चेटूक येतं असं भासवणं हा गुन्हा झाला. विद्वानांनी विषय मिटवला. बाटल्या मात्र चालू राहिल्या, फक्त आता त्या जुन्या चालीरीतींच्या संग्राहकांना सापडू लागल्या आणि संग्राहक आला की वस्तूचं कुळ बदलतं. याचं नमुनेदार उदाहरण समरसेटमधल्या वेलिंग्टनचं. १८७८ मध्ये तिथे एक जुनं घर पाडताना माळ्याच्या बंद जागेत सहा केरसुण्या, एक जुनी आरामखुर्ची आणि पिसं खोवलेला दोर मिळाला. मजुरांनी लगेच उलगडा केला : केरसुण्या चेटकिणींना उडायला, खुर्ची विसाव्याला, दोर छपरावर चढायला. १८८७ मध्ये एका नियतकालिकात त्यावर लेख आला आणि 'चेटकिणीची शिडी' जन्माला आली. मानववंशशास्त्राचा जनक मानला जाणारा एडवर्ड टायलर याने त्याच वर्षी मँचेस्टरला विद्वानांच्या सभेत ती मोठ्या उत्साहाने दाखवली. श्रोत्यांतले दोघे उठून म्हणाले, अहो, हे हरणं बुजवायचं पिसांचं दावं आहे. टायलर चपापला, नंतर तो जपूनच बोलला. पण शिडी परत दावं झाली नाही. १८९३ मध्ये सबाइन बेअरिंग-गूल्ड याने ती कादंबरीत घातली आणि आज स्वतःला चेटकीण म्हणवणारी माणसं तशा शिड्या हौसेने वळतात. दोर आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे.

त्याच संग्रहालयात एक छोटी, आतून चांदीचा मुलामा दिलेली काचेची बाटलीही आहे. १९१५ च्या सुमारास ससेक्समधल्या होव्हजवळच्या गावातल्या एका म्हातारीकडून ती आली. हिच्यात चेटकीण आहे, बाहेर सोडलीत तर फार उपद्व्याप होईल, असं तिने देताना बजावलं. १९२६ मध्ये ती मार्गारेट मरे यांनी संग्रहालयाला दिली. चेटकिणी म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माचा छुपा पंथ, असा सिद्धांत मांडणाऱ्या याच विदुषी. इतिहासकारांनी तो सिद्धांत केव्हाच मोडीत काढला आहे. बाटली तिथेच आहे, बूच लावलेली; कोणी उघडलेली नाही. शास्त्रज्ञांनासुद्धा काही गोष्टींची घाई नसते.

एकोणिसाव्या शतकातला या धंद्यातला शेवटचा मोठा माणूस एसेक्समधल्या हॅडलीचा जेम्स मरेल. सातव्या मुलाचा सातवा मुलगा अशी त्याची ख्याती होती. इंग्रज खेड्यात अशा माणसाला जाणता म्हणत, आपण देवऋषी म्हणू. चोरी शोधणं, जनावर बरं करणं, बाधा उतरवणं ही त्याची कामं. त्याने मूत्राची बाटली काळाप्रमाणे सुधारली. गावच्या लोहाराकडून तो लोखंडी बाटल्या करून घेई, पेचाचं झाकण असलेल्या. मूत्र, टाचण्या, नखं, केस भरून ती भट्टीत ठेवायची. ती फुटली की चेटकिणीचा फास तुटला. १८६० मध्ये तो वारला. त्याचा दबदबा असा होता, की पुढे आर्थर मॉरिसनने त्याच्यावर आख्खी कादंबरी लिहिली. त्याच्या गिऱ्हाइकांनी ज्यांना चेटकीण ठरवलं त्या बायकांची कादंबरी कोणी लिहिली नाही.

मरेलनंतर तीन वर्षांनी, १८६३ च्या ऑगस्टमध्ये, त्याच एसेक्स परगण्यातल्या सिबल हेडिंगहॅम गावात एक म्हातारा राहत होता. वय ऐंशीच्या घरात, बहिरा आणि मुका, बहुधा फ्रेंच. हातवाऱ्यांनी भविष्य सांगून तो पोट भरी. एमा स्मिथ या दारूगुत्तेवाल्याच्या बायकोला वाटत होतं, की आपल्या आजाराला हाच कारण आहे. करणी काढ म्हणून तिने त्याला पैसे देऊ केले. तो आपल्या घरी यायला तयार होईना. तेव्हा एका रात्री गुत्त्याबाहेर जमलेल्या गर्दीसमोर तिने आणि सॅम्युएल स्टॅमर्स नावाच्या माणसाने त्याला मारहाण करत ओढ्यात ढकललं, पुन्हा पुन्हा. महिन्याभराने तो गरीबगृहात वारला. त्याच्या झोपडीची झडती झाली तेव्हा मिळाली ती भविष्य विचारणाऱ्यांची ढीगभर पत्रं, फ्रेंच पुस्तकं, परदेशी नाणी, छत्र्या. बाहुली नव्हती, मेण नव्हतं, दात नव्हते, बाटली नव्हती. १८६४ मध्ये एमा आणि सॅम्युएल दोघांना प्रत्येकी सहा महिने सक्तमजुरी झाली.